मोहफुलातलं भोक

दसरू उसेंडी बी.एस्सी.ला नापास झाला तो मोहाच्या फुलावर. ज्याला आईनं तान्हेपणी मोहाच्या झाडाखाली फडक्यात गुंडाळून निजवलं आणि ज्याच्या घरात धान संपलं की त्या फुलांवर दिवस निघायचे, तो माणूस नेमका त्याच फुलावर नापास झाला. ऐकणाऱ्याला हसू येतं. आमच्या वर्गालाही आलं होतं. मला आलं नाही, पण त्याचं कारण माझा चांगुलपणा नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

मी भैयाजी, पोंभुर्ण्याचा. घरी धानाची शेती, बाप गुणवंतराव गावातला मानाचा माणूस आणि मी त्यांचा नागपूरला शिकायला धाडलेला कुलदीपक. दसरू गडचिरोलीच्या पलीकडचा. धानोऱ्याच्याही पुढे, जंगलात पायवाटेनं अर्धा दिवस चाललं की त्याचं येरमटोला लागायचं. गोंडांची पंधरा-वीस घरं. सन पंचावन्नच्या पावसाळ्यात वसतिगृहात आम्हाला एकच खोली मिळाली. नागपूरच्या पोरांच्या लेखी आमचा चांदा जिल्हा म्हणजे वाघ आणि हिवताप, त्यामुळे आम्हा दोघांना त्यांनी एकाच गाठोड्यात बांधलं होतं. मला त्याचा राग यायचा. मी काही जंगलातला नव्हतो, आमच्या घरी वर्तमानपत्र येत होतं!

दसरू बुटका, रुंद खांद्यांचा आणि बोलायला महाकंजूष. पेन्सिलीला ब्लेडनं टोक काढायला बसला की अर्धा तास. पण ती पेन्सिल कागदाला लागली की बघत राहावं. बेडकाचं काळीज असो की एरंडाचं बी, जेवढं दिसलं तेवढंच काढायचा. पुस्तकातली आकृती तो उतरवत नसे. आम्ही बाकीचे सगळे मात्र पुस्तकातूनच उतरवून मोकळे होत होतो, कारण पुस्तकातला बेडूक नेहमी व्यवस्थित असतो.

त्याला रेंजर व्हायचं होतं. का, ते त्यानं मला एकदाच सांगितलं. त्याचा बाप सुकलू याची कुऱ्हाड एका नाकेदारानं, म्हणजे जंगलखात्याच्या पहारेकऱ्यानं, काढून घेतली होती. ती परत मागायला बाप तीन दिवस डाकबंगल्यासमोर उकिडवा बसला. वरांड्यात रेंजरसाहेब खुर्चीवर बसून चहा पीत होते आणि लहानगा दसरू बापाच्या शेजारी.

"त्या खुर्चीवर मले बसाचं हाय," दसरू म्हणाला. "आन बाप आला का उठून त्याले बसवाचं हाय. बस, एवढंच."

त्यासाठी बी.एस्सी. पाहिजे होती. आणि वसतिगृहातली त्याची जागा सरकारी होती. एकदा नापास झालं की जागा गेली आणि शिक्षण तिथंच संपलं. दसऱ्याला सोनं देतानाही सुपरिंटेंडेंट त्याला या नियमाची आठवण करून देत.

आता माझ्या मनात जी अढी बसली तिची गोष्ट. छप्पन्नच्या जानेवारीत आमची सहल ताडोब्याकडे गेली. बॉटनीचे सर, पंचवीस मुलं आणि चार मुली. वाटेत एक निष्पर्ण झाड आलं. सरांनी विचारलं, हे कोणतं? चांदा जिल्हा माझा, तेव्हा मी छाती काढून पुढे झालो आणि म्हणालो, सालई. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. मी सालईच्या डिंकावर, तिच्या सालीवर, तिच्या उपयोगांवर चांगलं पाच मिनिटं व्याख्यान झोडलं. मुली वहीत लिहून घेत होत्या. माझं संपल्यावर दसरू झाडाजवळ गेला, नखानं सालीचा कपचा काढला, हुंगला आणि हळूच म्हणाला,

"सर, हे मोवई हाय."

ती मोवईच होती. सगळा वर्ग खो खो हसला. सर म्हणाले, "भैयाजी, पुढच्या वेळी जंगलातल्या माणसाला विचारून बोला." पुढे महिनाभर मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून कोणीतरी "मोवई आली" म्हणायचं. दसरू एकदाही हसला नाही. तो हसला असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो आणि सगळं निवळलं असतं. तो हसला नाही, म्हणून ते माझ्या पोटात तसंच राहिलं.

त्या वर्षी प्रत्येकानं आपल्या भागातल्या एका झाडाचा खास अभ्यास करून वही द्यायची होती. पुढच्या मार्चमध्ये प्रात्यक्षिकाची तोंडी परीक्षा त्या वहीवरच व्हायची आणि तिच्यात गेला तो प्रात्यक्षिकात गेला. मी साग घेतला, कारण सागावर पुस्तकं भरपूर होती. दसरूनं मोह घेतला.

एप्रिलमध्ये मी झाडपाला गोळा करायला त्याच्या गावी गेलो. आठ दिवस राहिलो, जेवलो, त्याच्या आईच्या हातची आंबील प्यालो. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो आहे. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी मी पुढे काय केलं, ते कळावं म्हणून.

मोहाचा हंगाम उतरत आला होता. झाडाखालची जमीन पाचोळा जाळून लख्ख केलेली. उजाडता उजाडता टपटप फुलं पडायची आणि दसरूची आई मंगलीबाई, दसरू आणि शेजारपाजारचे सगळे वाकून वेचायचे. मी आपला शहाणा. झाडपाल्याच्या संग्रहासाठी ताजी फांदी हवी म्हणून हात उंच करून एक डहाळी धरली. ती मोडणार तोच मंगलीबाईनं माझं मनगट पकडलं. ती गोंडीत काहीतरी भराभर बोलली. रागावलेली नव्हती, घाबरलेली होती.

"वरचं तोडाचं नाई म्हणते," दसरूनं सांगितलं. "आमच्या गावात मोहाचा पंडुम, म्हंजे सण होते. देवाले पयले फूल देल्याबिगर कोणी उचलत नाई. आन मंग बी खाली पडलं तेवढंच आपलं. डहाळी मोडली तं पुढच्या सालचं सारं गाव उपाशी राह्यते म्हणते ते."

"आन तू? तू तं सायन्सवाला हायस."

"मी तिचा पोरगा बी हावो ना," तो म्हणाला आणि पुन्हा वेचायला वाकला.

मी परत आलो आणि पोंभुर्ण्याला आमच्या बांधावरच्या मोहाची डहाळी खुशाल मोडली. शेवटची चार-दोन फुलं उरली होती, त्यातलं एक वाळवून पेटीत ठेवलं. खोलीवर बसून एक फूल उकललं तेव्हा मला ती गंमत कळली. मोहाचं सबंध फूल कधी गळतच नाही. गळतो तो पाकळ्यांचा रसाळ, पिवळट गर. त्याच्या बुडाची तपकिरी टोपी, टोपीतला बीजकोश आणि बीजकोशातून निघालेली लांब दांडी हे सगळं फांदीवरच राहतं. त्याचंच पुढे फळ होतं आणि फळातल्या बियांचं, म्हणजे टोळाचं, तेल निघतं. गर खाली येताना ती दांडी त्याच्यातून निसटते आणि गळलेल्या फुलाला मधोमध आरपार भोक राहतं. ज्यांनी जन्मभर फक्त खाली पडलेलं उचललं, त्यांच्या हाती अर्धंच फूल आलेलं असतं. हे मी दसरूला त्याच दिवशी पत्रानं कळवायला हवं होतं. त्या दिवशी सुचलं नाही. तेवढ्यापुरता मी खरंच निर्दोष आहे.

पुढचं वर्ष अभ्यासात गेलं. मध्येच विदर्भ मुंबई राज्यात गेला, वर्गात त्यावर हमरीतुमरी झाली, दसरू मात्र कोपऱ्यात पेन्सिलीला टोक करत राहिला. सत्तावन्नच्या मार्चमध्ये वह्या द्यायच्या आदल्या दिवशी, दुपारी, तो आपली वही घेऊन माझ्या खाटेवर येऊन बसला.

"भैयाजी, तू एकडाव पाय. चूक गिक असन तं सांग. मले इंग्रजी नावाची भीती वाटते."

मी वही चाळली. इंग्रजी नावं अगदी बरोबर होती. खोड, साल, पान, सगळं चोख. मग फुलाचं पान आलं. पानभर एक मोहाचं फूल. गराची जाडी, त्याच्या आतल्या बाजूला चिकटलेले पुंकेसर, कडेवरची बारीक मुरड, सगळं ठिपक्या-ठिपक्यांनी काढलेलं. आणि मधोमध ते भोक. त्याच्याकडे बाण काढून त्यानं लिहिलं होतं: 'छिद्र. कार्य अज्ञात.' खाली टीप होती की ही नर फुलं असून गळतात. भोपळ्याप्रमाणे मादी फुलं निराळी असावीत आणि ती झाडावरच राहून त्यांची फळं होत असावीत. कंसात प्रामाणिकपणे 'अनुमान' असा शब्द.

किती हुशार चूक होती ती! अर्धं फूल हातात घेऊन त्यानं उरलेलं अर्धं डोक्यानं शोधलं होतं आणि जवळजवळ पोचला होता. मी एक वाक्य बोललो असतो तर काम झालं असतं. अरे, वर बघ, दांडी तिथं राहते. पेटीतून माझं वाळवलेलं फूल काढून दाखवलं असतं तर त्यानं रात्रीतून पान नव्यानं केलं असतं.

मी त्या पानाकडे बघत बसलो. माझ्या कानात मागच्या बाकावरचं "मोवई आली" वाजत होतं. वाटलं, परीक्षेला जरा लोक ह्यालाही हसू देत. जंगलातल्या माणसाला जंगलातलं विचारू देत. नापास होईल असं मला वाटलं नव्हतं, हे खरं आहे. पण वाटलं असतं तर मी बोललो असतो का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

"मस्त हाय," मी म्हणालो आणि वही मिटली.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. माझा नंबर दसरूनंतर, म्हणून मी दारातच उभा होतो. सुरुवात छान झाली. परीक्षकांनी खोडाचं चित्र पाहून मान डोलावली. मग फुलाचं पान उलटलं.

"हे भोक कशासाठी?"

"माहीत नाई, सर."

"बीजकोश कुठं आहे?"

"याच्यात नाई, सर. मादी फूल वेगळं राह्यते."

"तुम्ही पाहिलंय मादी फूल?"

"नाई."

परीक्षक चष्म्यावरून बघू लागले. "गाव कोणतं तुमचं?"

दसरूनं सांगितलं. परीक्षकांनी आमच्या सरांकडे पाहिलं आणि शिपायाला बोलावून कॉलेजच्या मागच्या आवारातल्या मोहाची डहाळी आणवली. डहाळी आली. परीक्षकांनी दोन बोटांनी गर अलगद ओढला. तो निघून आला आणि मागे तपकिरी टोपीत ती लांब दांडी हलत राहिली. दारातली पोरं फिसकन हसली.

"मोहाच्या रानात जन्मलात आणि मोहाचं फूल पाहिलं नाहीत? जमिनीवरचा कचरा उचलून आणलात आणि न पाहिलेलं लिहून मोकळे झालात? याला विज्ञान म्हणत नाहीत."

दसरू त्या दांडीकडे बघत होता. अपमानानं त्याची मान खाली गेली असती तर मला सोसलं असतं. पण त्याच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता. भोकाचं काम त्याला समजलं होतं! क्षणभरानं तो आनंद गेला आणि मग खुर्ची, डाकबंगला, बाप, हे सगळं एकदम त्याच्या ध्यानात आलं असावं. "बरं सर," एवढंच म्हणून तो बाहेर आला. माझ्या खांद्याला खांदा घासून गेला. माझा नंबर आला. साग मी पाठ केलेला होता, घडाघडा म्हटला.

निकाल लागला. मी दुसऱ्या वर्गात पास, दसरू प्रात्यक्षिकात नापास. वसतिगृहाच्या नियमानं नियमाचं काम केलं. तो सुट्टीत गावी गेला होता तो परत आलाच नाही. त्याची ती वही खोलीत राहिली होती, ती मी माझ्या ट्रंकेत टाकली. पत्र लिहायला तीनदा बसलो. 'प्रिय दसरू' याच्या पुढे एकदाही गेलो नाही.

मी एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर झालो. दर मार्चमध्ये मुलांसमोर मोहाचं फूल उकलायचा प्रसंग यायचा. दुसऱ्या मार्चला गर ओढला, मागे दांडी हलत राहिली आणि मी तास तिथंच सोडला. त्या शनिवारी वही घेतली आणि निघालो. सबब अशी काढली की कॉलेजसाठी मोहाच्या डहाळ्या आणायच्या आहेत. डोंग्यातून वैनगंगा ओलांडली, गडचिरोलीहून खटारा गाडीनं धानोरा, आणि पुढे पायी.

दसरू मोहाखालीच भेटला. गुडघ्यापर्यंत धोतर, हातात टोपली, शेजारी मंगलीबाई. मला बघून त्याला इतका आनंद झाला की मला पळून जावंसं वाटलं.

"अरे भैयाजी! तू इथी कसा? बस, बस!" आईलाही त्यानं गोंडीत ओरडून सांगितलं.

मी वही पुढे केली. त्यानं हात धोतराला पुसले, मग घेतली. पानं उलटत त्या पानावर आला आणि हसला.

"पाय, केवढं भोक काढलं होतं मी! त्या दिवसापासून मी वरच पायतो. माय म्हणते, पोरगं मान वर करूनच चालून राह्यलं, एकादवेळी खड्ड्यात पडन." मग तो वहीवर बोट ठेवून म्हणाला, "तुले याद हाय का? तू या पानावर लय वेळ थांबला होता. मी तुझ्या तोंडाकडं पायत होतो. मले वाटलं, चित्र एवढं बेस निघालं का याची नजरच हटून नाई राह्यली. इंग्रजी नावाचं म्हणलं होतं, पन मले खरी धाकधूक या पानाचीच होती. सरले एकडाव विचारावं म्हणत होतो. तुह्यापायी मंग नाई विचारलं."

सगळ्या वाटेनं मी माझी वाक्यं जुळवत आलो होतो. एकही उपयोगाला आलं नाही.

"दसरू, मले त्याच दिवशी दिसलं होतं. चूक हाय ते मले मालूम होतं. पेटीत सबंध फूल बी होतं. मी बोललो नाई."

त्याचं बोट वहीवरच राहिलं. झाडावरून फुलं पडत होती, मंगलीबाई वेचत होती, तिला आमची मराठी समजत नव्हती.

"काऊन?" दसरूनं विचारलं.

रागावून विचारलं असतं तर उत्तर टाळता आलं असतं. त्याला खरोखरच कारण हवं होतं.

"त्या मोवईपायी," मी म्हणालो.

"कोणची मोवई?"

"ताडोब्याच्या सहलीतली. मी सालई म्हणलो होतो. तू सर्वाईपुढं सांगितलं का मोवई हाय. सारे हासले मले."

तो आठवू लागला. कपाळाला आठ्या घालून, अगदी मनापासून. परीक्षेत एखादं नाव आठवत नसलं की तो असाच दिसायचा. शेवटी त्यानं मान हलवली.

"मले तं याद बी नाई रे."

मी काही बोलणार तोच पायवाटेवरून हाक आली. खाकी कपड्यातला एक नाकेदार उभा होता. नवे रेंजरसाहेब दौऱ्यावर आले आहेत, त्यांचा बिस्तरा आणि पेटी पुढच्या मुक्कामाला न्यायची आहे, सुकलू कुठं आहे? सुकलूभाऊ आता थकले होते, घराच्या सावलीत बसून असायचे.

"बाप नाई, मी येतो," दसरू म्हणाला.

त्यानं वही झाडाच्या बुंध्याशी ठेवली, टोपली आईजवळ सरकवली आणि मुंडासं सोडून त्याची चुंबळ केली. माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं होतं, शिव्या देईल, निदान जातो म्हणेल. वळणावर नाकेदारानं बिस्तरा त्याच्या डोक्यावर चढवला. ओझं तोलताना त्याची मान ताठ झाली आणि मग तो चालू लागला.

मंगलीबाईनं वही उचलली, पदरानं पुसली आणि फुलांच्या टोपलीत ठेवली. मला तिनं हातानंच खूण करून विचारलं, जेवणार ना? मी डहाळी न घेताच परत आलो.

आता दरवर्षी मी मुलांना सहलीला नेतो आणि निष्पर्ण झाडं दाखवून नावं विचारतो. सालई आणि मोवई यांत मी पुन्हा कधी चुकलो नाही.